‘द रीडर’ कानांनी पाहताना

सिनेमा सरांनी निवडला. सर म्हणजे अंध मुलांच्या शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे शिक्षक, जन्मापासून पूर्ण अंध आणि आमच्या गटातले सगळ्यात खडूस परीक्षक. आम्ही काही जण पुण्यात हौसेनं मराठी ऑडिओ डिस्क्रिप्शन करतो. आमच्या बोलण्यात त्याचं नुसतं ‘एडी’ होतं. पडद्यावर जे दिसतं पण ऐकू येत नाही, ते संवादांमधल्या मोकळ्या जागेत बसवून सांगायचं, एवढंच हे काम. तोवर आम्ही मराठी सिनेमे केले होते, थोडे हिंदी. परभाषेतला एकही नाही. सर म्हणाले, “तो ‘द रीडर’ घ्या. वाचून दाखवण्यावरचा सिनेमा आहे म्हणे. आम्ही जन्मभर लोकांकडून वाचून घेतलं, वाचणाऱ्याच्या मनात काय चाललेलं असतं ते तरी कळू दे.” यापलीकडे त्यांना कथेबद्दल काही माहीत नव्हतं, आणि कुणी सांगू नये अशी सक्त ताकीद होती.

मी तो पूर्वी पाहिलेला होता, म्हणूनच मला धडकी भरली. हा सिनेमा एका गुपितावर उभा आहे, आणि ते गुपित जवळजवळ सगळं डोळ्यांना दाखवलेलं आहे. ज्यांना तो अजून बघायचाय त्यांनी इथंच थांबावं, कारण ते फोडल्याशिवाय मला पुढं लिहिता येणार नाही.

स्टीफन डाल्ड्रीचा हा सिनेमा २००८ सालचा. बर्नहार्ड श्लिंक या जर्मन लेखकाची १९९५ मधली कादंबरी, पटकथा डेव्हिड हेअरची, लांबी दोन तास चार मिनिटं. केट विन्स्लेटला यासाठी ऑस्कर मिळालं. मधे ही भूमिका निकोल किडमन करणार होती, पण गरोदर राहिल्यामुळं तिनं ती सोडली. कथा १९५८ च्या पश्चिम जर्मनीत सुरू होते. पंधरा वर्षांचा मायकल भर पावसात एका घराच्या दाराशी ओकतो, आणि तिथं राहणारी ट्राम कंडक्टर हॅना श्मित्स त्याला धुऊन-पुसून घरी पोचवते. ती छत्तीस वर्षांची. पुढं दोघांचे संबंध जुळतात, आणि प्रत्येक भेटीत तो तिला पुस्तकं वाचून दाखवतो. एक दिवस ती न सांगता घर रिकामं करून निघून जाते. १९६६ मध्ये कायदा शिकणारा मायकल प्राध्यापकांबरोबर एका खटल्याला जातो. आरोपींच्या बाकावर नाझींच्या एसएस दलातल्या माजी पहारेकरी स्त्रिया, आणि त्यांत हॅना. कैदी बायकांना हिवाळ्यात पायी हाकत नेताना त्यांना रात्री चर्चमध्ये कोंडलं, बॉम्ब पडून आग लागली, पहारेकरणींनी दारं उघडली नाहीत, तीनशे जणी जळून मेल्या. नंतरचा अहवाल हॅनानंच लिहिला, असं बाकीच्या आरोपी एकमुखानं सांगतात. न्यायाधीश हस्ताक्षराचा नमुना मागतात. हॅना म्हणते गरज नाही, मीच लिहिला. तिला लिहिता-वाचता येत नाही. ते चारचौघांत कबूल करण्यापेक्षा ती जन्मठेप घेते. मायकलला हे कळलेलं असतं, आणि तोही तोंड उघडत नाही.

आधी परवानगीची भानगड, ती थोडक्यात सांगते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अशी सवलत आली की अपंग व्यक्तींना वापरता येईल अशा रूपात एखादी कलाकृती, नफा न कमावता, त्यांच्यासाठी तयार करता येते. दृष्टिहीनांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेल्या मराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देशही भारतच. त्यामुळं आमची फाइल यूट्यूबवर जात नाही. ती सभासदांपुरती राहते आणि तिकीट लावून दाखवली जात नाही. थिएटरात लागणाऱ्या सिनेमांना अशी सोय असावी म्हणून माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं मार्च २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. जुन्या परदेशी सिनेमांना त्याचा काय उपयोग, असं सर म्हणतात, आणि ते खरंच आहे.

यानंतर भाषा. सिनेमा जर्मनीतला, पात्रं बोलतात इंग्रजी, तेही जर्मन वळणाचं, आणि आमचे ऐकणारे मराठी. नुसतं वर्णन मराठीत आणि संवाद इंग्रजीत ठेवले असते तर आमचे ऐकणारे जिथले, त्या अंध विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातल्या निम्म्या मुलांना काही कळलं नसतं. पोलंडमध्ये टीव्हीवर एकच माणूस सगळ्या पात्रांचे संवाद सपाट सुरात वाचतो आणि लोक मजेत बघतात, असं आमच्यातल्या एकानं सांगितलं. आम्ही मधला मार्ग काढला. मूळ आवाज खाली ऐकू येत राहील, त्यावर एक बाई आणि एक पुरुष संवाद वाचतील, आणि वर्णन तिसऱ्या आवाजात, म्हणजे माझ्या. दोन्ही वाचणाऱ्यांना सांगून ठेवलं होतं की नाटक करायचं नाही. रडायचं असेल तर विन्स्लेट रडेल.

पहिली फेरी आम्ही नेहमी डोळे मिटून करतो. पडद्याकडे पाठ करून बसायचं आणि कुठं हरवतो त्याच्या खुणा करायच्या. या सिनेमात मी पहिल्या मिनिटालाच हरवले. भांड्यांचे आवाज, एक पुरुष, एक बाई, तुटक बोलणं, मग गाडी गेल्याचा खडखडाट, आणि अचानक पाऊस. पडद्यावर काय असतं? १९९५ चं बर्लिन, प्रौढ मायकल आदल्या रात्री मुक्कामाला राहिलेल्या बाईसाठी अंडं उकडतोय. ती निघून गेल्यावर तो खिडकीशी येतो, समोरून गाडी जाते, आणि त्यात त्याला शाळकरी वयाचा मायकल बसलेला दिसतो. एका नजरेत सदतीस वर्षं मागं. ऐकणाऱ्यासाठी ही उडी मला एका गाडीच्या आवाजात बसवायची होती.

मराठी वाक्यं लांबतात. सेकंदाला दोन, फार तर अडीच शब्द आरामात बोलता येतात, त्याहून जास्त कोंबले की क्रिकेटची कॉमेंट्री होते. म्हणून वर्णनाची वही म्हणजे तारेसारख्या वाक्यांची यादी असते. डावीकडं वेळ, मधे मोकळी जागा किती सेकंदांची, उजवीकडं मजकूर. त्या उडीसाठी शेवटी एवढंच उरलं: “खिडकीबाहेरून गाडी जाते. काचेआड शाळकरी मुलगा. तोच, लहान वयाचा. १९५८.” यातला ‘तोच’ ठेवायचा की नाही यावर आमची अर्धी संध्याकाळ गेली. डोळस प्रेक्षकाला तरी तो मुलगा तोच आहे हे लगेच कुठं कळतं, असा एका बाजूचा मुद्दा. दुसऱ्या बाजूचा मुद्दा असा की डोळस प्रेक्षकाकडे पुढची दहा मिनिटं तो चेहरा असतो, ऐकणाऱ्याकडे नसतो. ‘तोच’ राहिला.

एडीचा पहिला नियम म्हणजे दिसतं ते सांगा, वाटतं ते सांगू नका. ‘तो दुःखी आहे’ असं म्हणायचं नाही, तो काय करतो ते म्हणायचं. एरवी हा नियम फारसा जाचत नाही. इथं पावलोपावली जाचला, कारण सिनेमाचा विषयच अपराधीपणा आणि तो कुणीही बोलून दाखवत नाही. प्रौढ मायकल, म्हणजे राल्फ फाइन्स, अर्धा सिनेमा नुसता बघत असतो. खिडकीतून बघतो, मुलीकडं बघतो, कॅसेटच्या यंत्राकडं बघतो. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘अपराधी नजरेनं’ हे दोन शब्द इतक्या ठिकाणी होते की सरांनी मला मधेच थांबवलं. “अगं, अपराधी नजर दिसते कशी? पापण्या खाली असतात की वर?” मी म्हटलं, सर, ते सांगता येत नाही, पण बघणाऱ्याला कळतं. “मग बघणाऱ्याला कळू दे. मला पापण्या सांग.”

काही ठिकाणी त्यांचं मी ऐकलं, काही ठिकाणी नाही. कोर्टात आरोपींच्या बाकावर हॅना दिसते आणि गॅलरीतल्या मायकलचं डोकं खाली जातं, तिथं ‘मान खाली’ पुरेसं आहे. पण तुरुंगात तिला भेटायला निघालेला मायकल बर्फाच्या अंगणात अर्ध्यात थांबतो आणि माघारी वळतो, तिथं मी ‘न भेटताच’ हे शब्द हट्टानं ठेवले. काटेकोर बोलायचं तर ‘न भेटताच’ हे दृश्य नाही, तो माझा निष्कर्ष आहे. तरी नुसतं ‘वळतो’ म्हटलं तर ऐकणारा पुढच्या प्रसंगात भेटीची वाट बघत बसतो. खटल्याच्या निकालाआधी या माणसाला बोलण्याची एक संधी होती आणि ती त्यानं सोडली, हे ऐकणाऱ्याच्या हातून निसटलं तर पुढचा पाऊण तास त्याच्या लेखी मायकलनं तिला तुरुंगात पाठवलेल्या कॅसेटींचा नुसता खोका.

देहाच्या प्रसंगांबद्दल लोक आधी विचारतात, म्हणून सांगते. ते आहेत, उघडे आहेत, आणि सुरुवातीच्या भागात बरेच आहेत. रेकॉर्डिंग करणारा मुलगा माझ्या भाच्याच्या वयाचा, काचेपलीकडून खाली मान घालून आवाजाचे काटे बघत होता. आम्ही ठरवलं की काही गाळायचं नाही. डोळस माणसाला जे दाखवलं ते अंध माणसानं का ऐकू नये, तो काय लहान मूल आहे? तरी सूर कुठला लावायचा हा प्रश्न उरतोच. कोळसा आणायला तळघरात गेलेला मायकल काळाकुट्ट होऊन येतो, ती त्याला अंघोळीला बसवते, टॉवेल धरून उभी राहते. हे कुणी मऊ आवाजात वाचलं की लगेच प्रेमकथा होते. मुलगा पंधराचा आहे, आणि पुढं कोर्टात हीच बाई काय करून आली हे उलगडतं. मी ते सगळं किराण्याची यादी वाचावी तसं वाचलं. वर्णनात ‘प्रेमानं’, ‘हळुवार’ असलं काही नाही. चित्रीकरणातही निर्मात्यांनी तरुण मायकल झालेला डेव्हिड क्रॉस अठराचा होईपर्यंत हे प्रसंग लांबवले होते, हे वाचून जरा बरं वाटलं होतं. आम्ही सिनेमा ऐकवल्यानंतर कायदा शिकणारी एक मुलगी पहिलं काय म्हणाली असेल तर, “हे आज पोक्सोत बसेल.” बसेलच.

आता मेनूकार्ड.

दोघं सायकलवरून सहलीला जातात. वाटेत एका खानावळीत बसतात. हॅना मेनूकार्ड बघते आणि मायकलला सांगते की तूच मागव, तू घेशील तेच मला. प्रसंग छोटासा. याआधी तो तिला पुस्तक देऊ करतो, तेव्हा ‘तूच वाच, मला ऐकायला आवडतं’ असं तिचं उत्तर असतं. यानंतर ट्राम कंपनीतला साहेब तिला बढती देऊन ऑफिसात बसवायचं म्हणतो, आणि ती घर सोडून पळते. डोळस प्रेक्षक या तिन्ही गोष्टी बघतो आणि विसरतो. पुढं कोर्टात कागद आणि पेन तिच्यासमोर येतं तेव्हा सगळ्याचा उलगडा होतो, तोवर ती त्याला नुसती तऱ्हेवाईक वाटत असते.

माझी अडचण ही होती की वर्णनात एखादी वस्तू सांगितली म्हणजे तिच्यावर बोट ठेवलं. पडद्यावर मेनूकार्ड असतं, सोबत टेबलं असतात, लोक असतात, ऊन असतं. वर्णनात फक्त मी सांगेन तेवढंच असतं. ‘हॅना मेनूकार्डाकडे बघते’ म्हटलं की ऐकणारा म्हणणार, हे का सांगितलं? न सांगावं तर पुढचं ‘तूच मागव’ अधांतरी लोंबकळतं. मी वाक्य बोथट करत गेले. शेवटचं रूप असं: “खानावळीच्या अंगणात टेबलं. गिऱ्हाइकं जेवतायत. हॅनाच्या हातात मेनूकार्ड.” नजर नाही, चेहरा नाही. मेनूकार्ड टेबलांच्या गर्दीत लपवलं.

कच्चं रेकॉर्डिंग सरांना ऐकवलं त्या दिवशी हा प्रसंग येऊन गेला आणि सर म्हणाले, “थांबव. हिला वाचता येत नाही.”

मी गप्प. गुपित माझ्याकडून फुटलं की काय, या काळजीत.

सर हसायला लागले. “अगं, हॉटेलात गेल्यावर आम्ही दुसरं काय करतो? सोबतचा विचारतो, सर काय घेणार? मेनू वाचून दाखव म्हणायचं म्हणजे त्याला दोन पानं वाचायला लावायची, वेटर डोक्यावर उभा. मग आपण म्हणायचं, तुम्ही घ्याल तेच. मला पनीर आवडत नाही. किती पनीर खाल्लं असेल मी!”

वाक्यातच काही सुटलं होतं का, हे तपासायला मी तीच फाइल माझ्या मामेबहिणीला डोळ्यांवर ओढणी बांधून ऐकवली. ती डोळस, बँकेत नोकरीला, आणि रहस्यकथांची पक्की वाचक. तिला कोर्टापर्यंत काहीही कळलं नाही. म्हणजे वाक्य शाबूत होतं. सरांना जे कळलं ते त्यांच्या जन्मभराच्या जेवणांमधून. त्यानंतर मी त्या प्रसंगाला हात लावला नाही.

वाचनही बरंच करावं लागलं. सिनेमातला खटला कल्पित आहे, पण काळ खरा. फ्रँकफुर्टमध्ये डिसेंबर १९६३ ते ऑगस्ट १९६५ आउशवित्झ या नाझी छळछावणीत काम केलेल्यांवर खटला चालला. हेसे राज्याचे सरकारी वकील फ्रिट्झ बाउअर यांनी तो चिकाटीनं उभा केला. ते स्वतः ज्यू होते, १९३३ मध्ये छळछावणीत डांबले गेले होते, आणि युद्धानंतर परत येऊन त्याच देशाच्या न्यायव्यवस्थेत बसले. आरोपी म्हणजे तोवर साधी नोकरीधंद्याची आयुष्यं जगणारी माणसं. सिनेमातले विद्यार्थी आईबापांच्या पिढीवर चिडतात ते या हवेतून येतं. सरांनी इतिहास शिकवलेला, त्यामुळं सेमिनारच्या प्रसंगातला एकही संवाद वर्णनाखाली दबू द्यायचा नाही अशी त्यांची अट होती. ब्रूनो गान्झचा प्राध्यापक तिथं सांगतो की समाज नीतीवर चालतो असं लोकांना वाटतं, पण तो चालतो कायद्यावर. तिथं मी एकही शब्द घातला नाही, नुसतं बोलू दिलं.

याउलट छळछावणीला दिलेली भेट. मायकल एकटा जातो. संवाद नाहीत, जागाच जागा. एवढी मोकळी जागा मिळाली की वर्णन करणाऱ्याला साहित्य सुचायला लागतं, आणि तिथंच हात आखडावा लागतो. “लाकडी फळ्यांचे बिछाने, एकावर एक. जाळी. जाळीमागं जोड्यांचा ढीग. मायकल चालत राहतो.” वस्तूंची नावं घेतली, मधे शांतता सोडली, पावलांचा आवाज मूळचा राहू दिला. सरांनी यात एकच बदल सुचवला. ‘ढीग’ म्हटल्यावर आपल्याला उकिरडा आठवतो, ‘जोडेच जोडे’ म्हण. तसं केलं.

रेकॉर्डिंग एका ओळखीच्या स्टुडिओत, पाहुण्याच्या दरात. सुती कुर्ता घालायचा, कारण सिल्क सळसळतं. बांगड्या काढायच्या. कागदाऐवजी टॅब. पोटात गुडगुड होऊ नये म्हणून आधी थोडं खाऊन जायचं, जास्त नाही. हस्ताक्षराच्या प्रसंगापाशी आम्ही बराच वेळ अडलो. पॅड आणि पेन हॅनासमोर ठेवलं जातं. ती बघत राहते. मायकलला मागचे तुकडे आठवत जातात. मग तिचं उत्तर. जागा भरपूर होती, आणि मी आठवणींचा एकेक तुकडा सांगत होते. मेनूकार्ड, पुस्तक, सगळं. हे गुपित उलगडण्याचं ठिकाणच होतं, त्यामुळं नियमानंही बरोबर. पण ऐकताना ते पोलिसांच्या पंचनाम्यासारखं वाटायला लागलं. शेवटी ठेवलं ते असं: “तिच्यासमोर कोरा कागद. पेन. मायकलला आठवतं, तो वाचतोय, ती ऐकतेय.” बाकी जागा मोकळी.

प्रदर्शन वसतिगृहाच्या सभागृहात झालं. कॉलेजची मुलंमुली, काही माजी विद्यार्थी, सरांचे जुने सहकारी. सगळेच ऐकणारे, म्हणून हेडफोनची गरज नव्हती, स्पीकरवर लावलं. पडदा होता, पण तो आम्हा तिघा-चौघा डोळसांपुरताच.

मेनूकार्ड आलं आणि मागच्या रांगेत कुणीतरी “ओ हो” केलं. मग कुजबुज. थोड्या वेळात निम्म्या सभागृहाला कळलेलं होतं, आणि उरलेल्या निम्म्याला शेजाऱ्यानं सांगितलं. बढतीचा प्रसंग आला तेव्हा एक माजी विद्यार्थी मोठ्यानं म्हणाला, “आता पळणार ही.” ती पळालीच. डोळस माणसं जो सिनेमा कोडं म्हणून बघतात, तो ही मंडळी लपवाछपवीचा सिनेमा म्हणून बघत होती. त्यांचा राग येत होता तो मायकलचा. इतके दिवस रोज भेटतोस, वाचून दाखवतोस, आणि तुला कळत नाही?

हॅनाबद्दलची ही आपुलकी चर्चच्या दारापाशी येऊन आदळली. आगीतून बचावलेली मुलगी साक्षीत सगळं सांगते, न्यायाधीश दारं का उघडली नाहीत विचारतात, आणि हॅना सांगते की आम्ही पहारेकरी होतो, कैद्यांना कसं सोडणार? सभागृहात कुणी हललं नाही. अनेक समीक्षकांनी या सिनेमावर ठपका ठेवलाय की निरक्षरतेच्या आडून तो एका गुन्हेगार बाईसाठी सहानुभूती गोळा करतो. मला तो ठपका अर्धा पटतो. सरांना पूर्ण पटला. मध्यंतरात चहा घेताना ते जोरात म्हणाले, “लाज वाटते हे कबूल. मलाही वाटायची. पण कुलूप काढायला काय वाचावं लागतं?”

तुरुंगातला भाग मला सगळ्यात अवघड जाईल असं वाटलं होतं. तिथं तर सगळे एकदम सैल झाले. मायकल कॅसेटवर पुस्तकं वाचून तिला पाठवतो, ओडिसी, चेकॉव्हची कुत्र्यावाल्या बाईची गोष्ट. ती तुरुंगाच्या वाचनालयातून तेच पुस्तक आणते आणि कॅसेट ऐकत ऐकत पानावर अक्षरं शोधते. आमच्या ऐकणाऱ्यांत चाळिशीच्या पुढचं कुणी असं नव्हतं ज्यांनी कॅसेटवर अभ्यास केला नाही. कुणा स्वयंसेवक काकूंनी वाचलेलं अर्थशास्त्र, मागं कुकरच्या शिट्ट्या. तिशीत दृष्टी गेलेल्या एक बाई होत्या, त्या नंतर ब्रेल शिकल्या. एक अक्षर बोटाखाली पुन्हा पुन्हा सापडतं आणि एकदम ओळखीचं होतं, ते तसंच असतं, असं त्या म्हणाल्या.

मग १९८८, सुटकेचा दिवस. हॅना पुस्तकं टेबलावर रचते आणि त्यांच्यावर पाय ठेवून उभी राहते. मी तेवढंच म्हटलं होतं. पुस्तकाला पाय लागला तर पटकन नमस्कार करणाऱ्या घरांतली ही मुलं, दोन-तीन ठिकाणांहून “अरे” असं निघालं. पुढं काय होणार हे त्यांना मी सांगण्याआधी कळलं.

शेवटी न्यूयॉर्क. हॅनानं मागं ठेवलेला पत्र्याचा डबा आणि पैसे घेऊन मायकल चर्चमधून वाचलेल्या त्या मुलीकडं जातो. ती डबा ठेवून घेते, पैसे नाकारते. ज्यू निरक्षरांसाठी काम करणाऱ्या संस्थेला द्यावेत असं ठरतं. लीना ओलिन हा प्रसंग बसल्या जागी खाऊन टाकते. आवाजातच सगळं आहे, मला काही करावं लागलं नाही.

चर्चा लांबली ती भलत्याच प्रश्नावर. मायकलनं कोर्टात सांगायला हवं होतं का? डोळस मित्रांबरोबर हा वाद मी पूर्वी घातलाय, त्यात सगळे बिनदिक्कत म्हणतात की सांगायला हवं होतं. इथं सरळ दोन तट पडले. कायदावाली मुलगी ठाम होती. इतर आरोपींना चार वर्षं आणि काही महिने, हिला जन्मठेप, पुरावा दडवला तो मायकलनं, झाला तो अन्याय. एक माजी विद्यार्थी, आता सरकारी नोकरीत, त्याचं म्हणणं उलटं. “माझ्या बायकोची लग्नाआधीची पत्रं मला हॉस्टेलचा रूम पार्टनर वाचून दाखवायचा. बँकेचं पासबुक दुसराच वाचायचा. डॉक्टरचा रिपोर्ट तिसरा. वाचणाऱ्यानं जे कळलं ते बाहेर बोलायचं ठरवलं, तर आम्ही जगायचं कसं? तिचं गुपित होतं. तिनं सांगायचं ठरवलं नाही. तो कोण सांगणारा?” कुणीतरी म्हटलं, तीनशे बायका मेल्यात. तो म्हणाला, “त्याची शिक्षा तिला व्हावीच. मी वाचणाऱ्याबद्दल बोलतोय.”

सर मधे पडले नाहीत, एरवी पडल्याशिवाय राहत नाहीत. मेस आठला बंद होते म्हणून वसतिगृहाच्या मुलांना उठावं लागलं, आणि ताट वाढून घेतानाही ती दोघं भांडत होती. मुलगी म्हणत होती की मायकल नुसता वाचणारा नव्हता, साक्षीदार होता. त्यावर त्यानं काय उत्तर दिलं ते आमटीच्या गडबडीत मला ऐकू आलं नाही.